समुद्रासमोरची खोली घेताय? आधी ओहोटीची वेळ विचारा

अंदमानची सहल ठरली की मराठी घरात पहिलं नाव निघतं ते सेल्युलर जेलचं. सावरकरांची कोठडी बघायची, लाइट अँड साउंड शो बघायचा आणि उरलेले दिवस हॅवलॉकच्या बीच रिसॉर्टवर मस्त आराम करायचा! हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण बुकिंग करताना अजून जुनीच नावं जास्त ऐकू येतात. सहलीच्या बजेटचा मोठा हिस्सा या रिसॉर्टवर खर्च होतो, म्हणून पैसे भरण्याआधी थोडं बोलूया.

रिसॉर्टमध्ये राहण्याचं सुख खरंच मोठं आहे. नारळ-सुपारीच्या झाडांत छोटी कॉटेजेस असतात, खोलीतून उतरलं की काही पावलांवर वाळू. मुलांना रस्त्यावरच्या गाड्यांची भीती न बाळगता मोकळं सोडता येतं. आजी-आजोबा व्हरांड्यात बसून सगळ्यांवर नजर ठेवतात, त्यांना रोज गाडीत चढ-उतार करावी लागत नाही. आणि आईला सकाळी उठून ‘आज नाश्त्याला काय?’ हा प्रश्न पडत नाही. माझ्या मते हा फायदा समुद्राइतकाच मोलाचा आहे. (ओले कपडे वाळत घालायचं काम मात्र तिच्याच गळ्यात पडतं. तिथल्या दमट हवेत ते लवकर वाळतही नाहीत, तेव्हा हे काम आधीच वाटून घ्या.)

आता जे फोटोत दिसत नाही ते. हॅवलॉकची बहुतेक रिसॉर्ट्स बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला आहेत. हा किनारा उथळ आहे. ओहोटी लागली की पाणी खूप आत जातं आणि खडक, मेलेली प्रवाळं उघडी पडतात. अशा वेळी पोहणं सोडाच, अनवाणी चालणंही अवघड. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी आणखी दूर जातं. म्हणजे ‘सी फेसिंग’ खोलीचे जादा पैसे भरायचे आणि मुलं पोहायचे कपडे घालून तयार झाली की समोर नुसते खडक! कोकणात आजोळ असणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही, पण रिसॉर्ट म्हटलं की आपण समुद्रालाही स्विमिंग पूल समजू लागतो. म्हणून तुमच्या तारखांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर बघा आणि लहान मुलं असतील तर पूल असलेलं रिसॉर्ट निवडा.

मनसोक्त डुंबायचं असेल तर पश्चिमेचा राधानगर बीच. २००४ मध्ये टाइम मासिकाने याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. लांबलचक मऊ वाळू, मागे उंच झाडांचं जंगल. पण पूर्वेकडच्या रिसॉर्टमधून तिथे जायला रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते, तो खर्च वेगळा धरा. तिथे जीवरक्षक सांगतील त्याच पट्ट्यात पाण्यात उतरा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यामुळे मगरींच्या सूचनेचा बोर्ड दिसला तर तो गंमत म्हणून लावलेला नाही. आणखी एक, अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, पण घड्याळ तेच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी जेवून झोपलात तर दिवस संपला! मुलांना पहाटे लवकर उठवा, संध्याकाळी ती आपोआप लवकर झोपतील.

जेवणाचं गणितही आधीच मांडा. बेटावर भाजीपासून दुधापर्यंत बरंच काही बोटीने येतं, त्यामुळे रिसॉर्टमधली साधी डाळ-खिचडीही महाग पडते. नाश्ता धरून खोली घ्या आणि दुपारचं जेवण बाजारातल्या छोट्या हॉटेलात करा. ताजी मासळी तिथेही मिळते.

घरात हृदयरोगी, गरोदर स्त्री किंवा अगदी तान्हं बाळ असेल तर मी हॅवलॉकला एकच रात्र सुचवेन. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठ्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. वेगवान बोटीलाही सुमारे दीड तास लागतो आणि समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. याच कारणासाठी मे ते सप्टेंबर टाळा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला परता. बाकीच्यांना दोन रात्री पुरेत. तिसऱ्या दिवशी मुलं मोबाइल मागू लागतात.

बॅगेत खोबरेल तेल असू द्या. वाळूतली बारीक चिलटं पायाला चावतात आणि दोन-दोन दिवस खाज जात नाही. आणि निघताना मुलांचे खिसे तपासा. किनाऱ्यावरचं प्रवाळ आणि शिंपले उचलून नेण्यास तिथे बंदी आहे, विमानतळावर सामान उघडून ते काढून घेतात. दुकानातून शंख घेतलात तर बिल हातातल्या पर्समध्येच ठेवा.