दुसरं पॅकेट

विनंती अडकली की बरोबर पाच सेकंद अडकायची. साडेतीन नाही, सहा नाही. २०१९ सालची गोष्ट. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांचा संशय डीएनएस सर्व्हरवर होता आणि त्याची मेमरी दोनदा वाढवूनही झाली होती. माझं डोकं मात्र त्या आकड्यावर अडलं होतं. सर्व्हर दमला असता तर उशीर कधी कमी, कधी जास्त झाला असता. इतका नेमका आकडा म्हणजे कुणाचा तरी टायमर. ग्लिबसी लायब्ररीचा रिझॉल्व्हर उत्तर आलं नाही तर ५ सेकंद थांबून पुन्हा विचारतो, हे आठवलं आणि प्रश्नच बदलला. उत्तर उशिरा येत नव्हतं, ते येतच नव्हतं.

कंटेनरच्या आत आणि मशीनच्या बाहेरच्या इंटरफेसवर, दोन्हीकडे टीसीपीडंप लावला. आतून दोन पॅकेटं निघत होती. एक आयपीव्ही४ पत्ता विचारणारं, दुसरं आयपीव्ही६. एकाच सॉकेटमधून, एकाच पोर्टवरून, जवळजवळ एकाच क्षणी. बाहेर मात्र कधीकधी एकच पडायचं. कनेक्शन ट्रॅकिंगचे आकडे काढले, तर दर वेळी ‘इन्सर्ट फेल्ड’ वाढलेलं. पॅकेट आमच्याच कर्नलमध्ये मरत होतं.

कनेक्शन ट्रॅकिंगसाठी लिनक्स कर्नल प्रत्येक नव्या संवादाची नोंद करतं, पण पहिलं पॅकेट येताक्षणी ती पक्की करत नाही. फायरवॉलच्या सगळ्या नियमांतून सुटून पॅकेट बाहेर निघताना, अगदी शेवटी, नोंद टेबलात चढते. यात शहाणपण आहे. वाटेतच अडवलेल्या पॅकेटची नोंद कशाला ठेवायची? पण तेवढ्या वेळात त्याचं जुळं भावंड दुसऱ्या कोअरवर आलं, तर त्याला टेबल कोरंच दिसतं आणि त्याचीही वेगळी कच्ची नोंद होते. दोघांची गाठ शेवटच्या दारात पडते. आधी पोचलेल्याची नोंद चढते. दुसऱ्याची जागा भरलेली, म्हणून तेव्हा नोंदीबरोबर पॅकेटही टाकून दिलं जायचं. यूडीपीत पोचपावती नसते, त्यामुळे पाठवणाऱ्याला काही कळत नाही.

दोन प्रश्न वेगवेगळ्या सॉकेटमधून पाठवायची सेटिंग रिझॉल्व्हरमध्ये आहे. ती लावल्यावर ग्लिबसीवाले कंटेनर त्याच रात्री सुधारले. पण आमचे बरेच कंटेनर अल्पाइनचे, आणि तिथली मसल लायब्ररी ही सेटिंग मानतच नाही. म्हणजे कर्नललाच हात घालायला हवा होता.

मुख्य लिनक्समध्ये दुरुस्ती दोन टप्प्यांत, ४.१९ आणि ५.० मध्ये आलेली होती. ती आमच्या जुन्या कर्नलमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दुरुस्तीची कल्पना मला फार आवडली. दोन्ही नोंदी जाता-येता दोन्ही दिशांनी तंतोतंत सारख्या असतील, तर हरलेल्या पॅकेटला मारायचं नाही, जिंकलेल्याच्या नोंदीशी जोडून पुढे सोडायचं. मी तेवढीच आणली. चाचणीसाठी दोन थ्रेड, एक सॉकेट, दोन वेगळे कोअर असा छोटा प्रोग्राम लिहिला होता. पॅकेटं हरवणं कमी झालं, थांबलं नाही.

दोन रात्री मी माझ्याच बदलात चूक शोधत बसले. दोष नॅटमध्ये, म्हणजे पॅकेटाचे पत्ते आणि पोर्ट बदलणाऱ्या भागात होता. पहिल्या पॅकेटची नोंद तेवढ्यात पक्की झाली असली, तर हे पोर्ट कुणीतरी घेतलंय असं समजून नॅट दुसऱ्या पॅकेटला नवीन पोर्ट द्यायचं. मग दोन नोंदी सारख्या राहायच्याच नाहीत, आणि पहिली दुरुस्ती लागूच पडायची नाही. ज्याच्याशी टक्कर झाली तो मुळात आपलाच संवाद आहे का, हे आधी पाहा, एवढंच दुसरी दुरुस्ती सांगते. ती घातल्यावर रात्रभर चाचणी चालवली. सकाळी ‘इन्सर्ट फेल्ड’चा आकडा जागचा हलला नव्हता.

पण चाचणीत डीएनएसचा एकच पॉड, म्हणजे सर्व्हरची एकच प्रत होती, हे टीममधल्या एकीने दाखवून दिलं. “तीन ठेवून बघ ना,” ती म्हणाली. तीन ठेवले आणि आकडा पुन्हा चढायला लागला. दोन पॅकेटांना दोन वेगळे पॉड मिळाले, तर परतीची दिशा वेगळी व्हायची आणि दुसरं पॅकेट तेव्हाही मरायचं. त्यासाठी प्रत्येक मशीनवर डीएनएसचा छोटा कॅश बसवला आणि त्याच्याकडे जाणारी पॅकेटं ट्रॅकिंगमधून वगळली. तक्रारी थांबल्या. फट मात्र कर्नलमध्ये तशीच होती, म्हणून तीन पॉडची ती चाचणी मी नापास अवस्थेतच आमच्या रोजच्या चाचण्यांमध्ये ठेवली.