खांडवालियाचा हातोडा

हातोडा म्हणजे फोडणारा, अशीच त्याची सगळीकडे ओळख. जोधपूरच्या खांडवालियांचा हातोडा आधी विचारतो. खडकावर एक हलका ठोका. वीतभर अंतरावर दुसरा. मग तिसरा, थोडा खालच्या अंगाला. ठोका मारणाऱ्याची मान किंचित तिरकी झालेली असते. खडक कुठे भरीव आहे, कुठे आतून चिरलेला आहे, ती चीर कुठल्या दिशेला गेली आहे, हे सगळं त्या आवाजातून कळलं की मग छिन्नी पुढे येते.

दिसायला त्याच्यात काही नाही. लोखंडी डोकं, लाकडी दांडा. डोक्याच्या कडा मार देऊन देऊन बाहेर पसरलेल्या, दांडा घामाने काळपट आणि तळहाताच्या मापाने झिजलेला. बाजारात नवा घ्यायला गेलं तर कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण म्हणतो. त्या म्हणीतही टाकीचं नाव आहे, टाकीच्या माथ्यावर बसणाऱ्याचं नाही. छिन्नीला लोहार पाणी देतो, बोथट झाली की ती शेवटून आणतात, तिची निगा राखतात. हातोड्याला फार तर नवा दांडा मिळतो. तेवढ्यावर तो वर्षानुवर्षं काढतो.

त्याचं शिक्षण झालं वालुकाश्माच्या खाणीत. खांडवालिया म्हणजे जोधपूरच्या खाणींतून पिढ्यानपिढ्या दगड काढणारे लोक. मेहरानगड किल्ल्याचे तट आणि महाल याच वालुकाश्माचे. १९२९ साली दुष्काळी काम म्हणून सुरू झालेला आणि १९४३ मध्ये पुरा झालेला उमेद भवन राजवाडाही वालुकाश्माचाच. हा थरांचा दगड. दोन थरांमधली वाट सापडली तर लादी अखंड सुटून येते. वाट चुकली तर हाती चुरा येतो आणि दिवसाची मजुरी जाते. त्यामुळे या हातोड्याला संयम कुणी उपदेशाने शिकवलेला नाही. भुकेने शिकवला. जोरात मारणं कुणालाही जमतं. किती जोर राखून ठेवायचा, हे ज्याला कळतं तो खांडवालिया.

अशा हातोड्याला एक दिवस खाण सोडून किल्ल्याच्या पायथ्याशी यावं लागलं, ते एका झाडामुळे.

मेहरानगडाभोवतीचा खडक वालुकाश्म नव्हे. तो ज्वालामुखीतून आलेला रायोलाइट, वय सुमारे ७५ कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे या खडकापुढे अगदी कालचा. किल्ल्याजवळच रायोलाइटवर वालुकाश्म टेकलेला उघड दिसतो, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवली आहे. रायोलाइट कठीण असतो, चिवट असतो, आणि थंड होताना पडलेल्या चिरांनी आतून भेगाळलेला असतो. माती जवळजवळ नाहीच. वर्षाचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटरच्या आगेमागे, तोही एका वर्षी पडतो आणि पुढच्या वर्षी दगा देतो. मे महिन्यात या उघड्या दगडावर हात ठेववत नाही.

तरी इथे झाडोरा होता. खडकावर जगणं ज्यांना येतं अशा झाडाझुडपांचा, आपला आपण उगवलेला. त्याला हुसकावलं बावळियाने. जोधपुरात ज्याला बावळिया म्हणतात ती आपली वेडी बाभूळ. मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरच्या माळांवर आणि नदीपात्रांत माजलेली ती हीच. मूळची मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेकडची. उजाड मारवाड हिरवा व्हावा म्हणून तिला मुद्दाम आणलं. जोधपूरच्या महाराजा उमेदसिंहांनी विमानातून तिचं बी पसरलं असं सांगतात, आणि १९४० मध्ये संस्थानाने तिला शाही झाडाचा मान देऊन तोडीपासून संरक्षण दिलं. हेतूत खोट नव्हती. सरपण नसलेल्या मुलखात ती गरिबाच्या चुलीला उपयोगी पडली, हेही खरं. पण तिची मुळं पाण्याच्या शोधात खोल जातात, तिच्या पानांखाली दुसरं फारसं रुजत नाही, तिच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात आणि बी लेंड्यांतून गावभर पेरतात. वरून कापली तर ती मरत नाही. जमिनीखाली दीडेक फुटापर्यंत तिचे झोपलेले डोळे असतात; खोड गेलं की ते जागे होतात आणि एका बुंध्याच्या जागी दहा फुटवे उभे राहतात. ज्यांनी शेतात जेसीबी लावून वेडी बाभूळ काढली आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तीच पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२००६ मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टने किल्ल्यालगतची सुमारे ७० हेक्टर जमीन पुन्हा तिच्या मूळ झाडांना द्यायचं ठरवलं आणि ते काम प्रदीप कृष्ण यांच्याकडे सोपवलं. ‘मॅसी साहिब’ हा चित्रपट केलेले, मग झाडांच्या नादाने सिनेमा सोडून रानोमाळ फिरलेले, दिल्लीच्या झाडांवर पुस्तक लिहिणारे ते हेच. नवी झाडं लावण्याआधी बावळिया जायला हवा होता, आणि तो मुळाच्या गड्ड्यासकट जायला हवा होता. मातीत हे काम कुदळीने होतं. इथे मुळं रायोलाइटच्या पोटात. शेकडो वर्षांच्या तटाखाली सुरुंग लावणं विचारातही येण्यासारखं नव्हतं.

तेव्हा खांडवालिया आले. आपला हातोडा आणि छिन्नी घेऊन.

पहिला ठोका त्या परक्या दगडावर पडला तेव्हा हातोड्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करते. जन्मभर आडवे थर ऐकलेले. इथे थर नाहीत. उभ्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या चिरा. पण ऐकण्याची रीत तीच. खडक सलग असला की ठोका खणखणीत वाजतो आणि हातोडा मनगटाला झटका देत मागे उसळतो. खाली चीर असली की आवाज बसका येतो, जोर आत शोषला जातो, हात जागच्या जागी थांबतो. म्हणजे ऐकायचं काम एकट्या कानाचं नाही. अर्धी बातमी दांड्यातून तळहाताला मिळते. बावळियाच्या बुंध्याभोवती असे ठोके देत फिरलं की मूळ कुठल्या फटीतून खाली उतरलं आहे त्याचा नकाशा मनात उमटतो. मग त्या फटीच्या कडेने छिन्नी, टवका टवका करत, डोळ्यांचा गड्डा हाती लागेपर्यंत.

ऑस्ट्रियातल्या लेओपोल्ड आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने १७६१ मध्ये रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोके देऊन आतलं ओळखण्याची पद्धत जगापुढे मांडली. बाप खानावळवाला होता, पिंपात दारू किती उरली ते ठोकून बघायचा, त्यावरून मुलाला हे सुचलं म्हणतात. आजही डॉक्टर पाठीवर बोट ठेवून वर टकटक करतात. खांडवालिया खडकाची प्रकृती अशीच तपासतो, आणि त्याची विद्या कुठल्या पोथीत लिहिलेली नाही.

इथे मला थांबून दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण हातोड्याचं कौतुक करताना ती गाळणं बरोबर नाही. दगडाच्या प्रत्येक टवक्याबरोबर धूळ उडते. वालुकाश्माची धूळ म्हणजे गारगोटीचा बारीक भुगा. तो फुप्फुसात जाऊन बसतो आणि बाहेर येत नाही. सिलिकोसिसने राजस्थानच्या खाणींतली कितीतरी घरं ऐन उमेदीतला कर्ता माणूस गमावून बसली आहेत. राज्य सरकारने २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणलं, त्यात तपासणी आणि मदतीची तरतूद आहे. रायोलाइटही सिलिकाने भरलेलाच. जो माणूस ठोक्यावरून खडकाच्या आतलं सांगू शकतो, त्याच्याच पाठीवर एक दिवस डॉक्टरचा ठोका बसका वाजू शकतो. निसर्ग पूर्ववत करण्याच्या कामांबद्दल आपण आनंदाने बोलतो तेव्हा तोंडावरचा फडका, ओली छिन्नी, धुळीपासून दूर घालवलेला तास, यांचाही हिशेब त्या कामातच धरायला हवा. झाड जगवण्यासाठी माणसाची छाती खर्ची पडता कामा नये.

आता खड्ड्याकडे वळू. मला या साऱ्या कहाणीत तो फार मोलाचा वाटतो.

बावळियाचा गड्डा निघाला की खडकात खड्डा उरतो. खडकावर झाड लावायचं तर खड्डा कुठे खणायचा हा मोठाच प्रश्न. सलग दगडात नुसती वाटी कोरली तर पावसाचं पाणी तिच्यात तुंबेल, मुळं कुजतील. आणि पाऊस संपला की त्याच वाटीत ती भाजून निघतील. झाडाला खाली जायला वाट हवी. आणि ज्या जागी बावळिया तगला होता तिथे ती वाट होतीच. चीर सापडल्याशिवाय तोही तिथे उभा राहिला नसता. ज्याला हुसकावायचं त्यानेच जागा पाहून ठेवली होती. हातोड्याने फक्त ती मोकळी केली. म्हणून इथे मूळ काढण्याची जागा आणि रोप लावण्याची जागा एकच झाली.

त्या खड्ड्यांत मग थोर आला. आपल्याकडे शेताच्या बांधावर थोराचं कुंपण असतं, त्याच्याच कुळातला हा मारवाडी थोर, उघड्या खडकावर झुडपांचे गोल ढिगारे करून राहणारा. पावसात कोवळी पानं काढतो, पाऊस सरला की टाकून देतो आणि हिरव्या खोडावर वर्ष काढतो. त्याच्या काट्यांच्या आडोशाला दुसऱ्या झाडांची पिल्लं शेळीच्या तोंडापासून वाचतात. कुमट आला, ज्याचं बी केर आणि सांगरीबरोबर पंचकुटा नावाच्या मारवाडी भाजीत पडतं. गुग्गुळ आला. योगराज गुग्गुळाची डबी मराठी घरांत कुणाकुणाच्या सांधेदुखीसाठी असतेच; पण ज्या झुडपाचा तो डिंक, ते डिंकासाठी इतकं ओरबाडलं गेलं आहे की आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. त्या झुडपाला इथे दगडात घर मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. ही रोपं बाजारात मिळत नव्हती. बी थरच्या वाळवंटातून हिंडून गोळा करायचं, रोपवाटिकेत रुजवून बघायचं, कुठलं बी कशाने उगवतं ते शिकायचं, आणि पावसाच्या तोंडावर रोप खड्ड्यात सोडायचं. २०११ मध्ये राव जोधा डेझर्ट रॉक पार्क या नावाने ती जागा लोकांना खुली झाली.

या उद्यानाबद्दलच्या बातम्यांत झाडांची नावं येतात, फुलपाखरांची येतात, किल्ल्याचा फोटो तर येतोच; हातोड्याचं नाव सहसा येत नाही. प्रदीप कृष्ण यांनी मात्र आपल्या लिहिण्याबोलण्यात खांडवालियांचं श्रेय मोकळेपणाने सांगितलं आहे, आणि त्यामुळेच तुम्हाआम्हाला हे ठाऊक झालं. वनस्पतिशास्त्राला कोणतं झाड लावायचं ते सांगता आलं. कुठे लावता येईल हे मात्र दगड फोडून पोट भरणाऱ्यांनी सांगितलं. हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतं. तोवर ते लादीच्या भावाने विकलं जात होतं इतकंच.

आपल्याकडेही असे हातोडे आहेत. वडार समाजाच्या जाणत्या माणसांनी सुतकी आणि पहारीच्या बळावर या काळ्या कातळात विहिरी उतरवल्या, धरणांचा आणि घाटरस्त्यांचा दगड घडवला. दगडाची शीर कुठे आहे हे त्यांना विचारल्याशिवाय गावात विहिरीचं काम पुढे सरकत नसे. आता तिथे बोअरची गाडी येते. माळरानं आणि टेकड्या पुन्हा त्यांच्या देशी झाडांना द्यायच्या म्हणून आज महाराष्ट्रात बरीच मंडळी धडपडत आहेत. मुरमाच्या आणि कातळाच्या जमिनीवर सरसकट एका मापाचे खड्डे यंत्राने पाडले जातात, आणि उन्हाळ्याअखेर त्यातली कितीतरी रोपं वाळलेली दिसतात. तिथे एखाद्या जुन्या वडार आजोबांना हाताला धरून नेलं पाहिजे. मजूर म्हणून नव्हे, जाणकार म्हणून, आणि जाणकाराला देतो तेवढे पैसे देऊन.

जोधपुरातला हातोडा पुरता मोकळा झालेला नाही. बावळियाचं बी जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतं, आजूबाजूच्या मोकळ्या जागांतून नवंही येत राहतं. पावसानंतर त्याची कोवळी रोपं दिसू लागतात, ती वेळीच हाताने उपटली की निघतात. एखादं नजरेतून सुटतं, त्याच्या मुळाला चीर सापडते, आणि मग बोलावणं हातोड्यालाच जातं.