दर्यातला सुवर्णदुर्ग

सुगी आटोपली, धान्य कणगीत पडले, की घरच्या मंडळींना घेऊन एकदा रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैला जा. दापोलीचे कृषी विद्यापीठ पाहायला आपण जातोच. तिथून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर. बंदरातून होडी केली, की समोरच्या खडकाळ बेटावर सुवर्णदुर्ग.

दरवाजा असा आडोशाला बांधलेला, की लांबून दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेले, शेजारच्या तटावर मारुती. तटाचा खालचा भाग बेटाचाच खडक तासून काढलेला. आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे १७५५ साली पेशव्यांशी हात मिळवून इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून घेतले. आज आत वस्ती नाही, दुकान नाही. झाडी, वारा आणि लाटांचा आवाज एवढेच.

आतली पाण्याची टाकी मात्र निरखून पाहा. चहूकडे खारा दर्या; आत गोडे पाणी धरून ठेवले, म्हणूनच शिबंदीला इथे राहता आले. आपल्याकडे पावसाचे पाणी ओढ्याने वाहून जाते आणि वैशाखात बायाबापड्या हंडे घेऊन वणवण फिरतात. दर्यातल्या खडकावर जमले, ते आपल्या गावात का जमू नये? मुलांना हे तिथेच दाखवा.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. एरवीही दर्याच्या बाबतीत होडीवाल्याचा शब्द शेवटचा माना. भाकरी आणि प्यायचे पाणी बरोबर न्या. २०२५ साली हा दुर्ग जागतिक वारसा यादीत गेला. आता वर्दळ वाढेल. नेलेली पिशवी, बाटली परत आणा, म्हणजे ही शांतता नातवंडांनाही लाभेल.