रद्द झालेले कलम

नोव्हेंबर २०१२ मधली ती सकाळ आम्ही विसरलेलो नाही. मुलीने वर्तमानपत्र पुढे सरकवले आणि विचारले, "अब्बा, नुसतं लाईक केलं तरी पोलीस नेतात?"

पालघर तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. हा बंद आदरापोटी नव्हे, भीतीपोटी आहे, अशा अर्थाचे एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. मैत्रिणीने ते पसंत केले. दोघींना अटक झाली. लिहिणारी मुसलमान होती. तिच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली.

त्या दिवशी आम्ही मुलीला समोर बसवून तिचे सारे लिखाण पुसायला लावले. कॉलेजवरची टीका, रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रारसुद्धा! ती निमूटपणे एकेक पुसत राहिली. तिची अम्मी म्हणाली, "पोरीनं केलंय तरी काय?" आमच्याकडे उत्तर नव्हते. भीती मात्र होती.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा तेव्हा गाजावाजा झाला, त्यात 'त्रास' आणि 'गैरसोय' हेही गुन्हे होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. बोलण्याने कुणाला कधी त्रास होत नाही? पालघरची बातमी वाचून श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ते कलम रद्द केले. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी, असे न्यायालयाने सांगितले. आम्ही घरात शिरखुर्मा केला. ईद नव्हती, तरी.

पण खरी गोष्ट पुढची आहे.

काही वर्षांनी आमच्या मोहल्ल्यात एका मोबाईलवर एक चित्र फिरत आले. आपल्या प्रेषितांची त्यात टवाळी होती. मन पेटले. मशिदीबाहेर अर्ज लिहिला गेला, आमचीही सही झाली. चित्र पुढे पाठवणारा मुलगा जेमतेम अठरा वर्षांचा होता. पोलिसांनी त्याला उचलले. संध्याकाळी त्याची आई आमच्या दारात उभी राहिली. "भाईजान, त्याला त्यातलं काही कळत नाही हो. तुम्हालाही मुलगी आहे."

त्याच्यावर लागले होते जुने २९५अ कलम. ते आले १९२७ साली. लाहोरात प्रेषितांची निंदा करणारी पुस्तिका निघाली, मुसलमानांत संताप उसळला आणि त्यातून हा कायदा झाला. म्हणजे तो आपल्याच मागणीचा. पण त्यातही 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' असे शब्द आहेत. मोबाईलवर बोट दाबणाऱ्या पोराचा हेतू कोणी तपासला? आम्ही तरी कुठे तपासला? आणि पालघरच्या मुलींवर पोलिसांनी सुरुवातीला लावलेले कलमही हेच होते, हे आम्ही सही करताना सोयीस्कर विसरलो.

आम्ही अर्जावरची सही मागे घ्यायला गेलो, तेव्हा मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांनी सलाम घेणे सोडले.

१ जुलै २०२४ पासून त्या कलमाचा क्रमांक न्याय संहितेत २९९ झाला. क्रमांक बदलला, आमची सवय बदललेली नाही. ६६अ रद्द झाल्यावरही पोलीस ते लावतच राहिले. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याखाली कोणावरही खटला चालवू नका, असे पुन्हा बजावावे लागले. पोलिसांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्या घरातही ते कलम तसेच चालू होते.

मुलगी आता नोकरी करते. अजूनही काही लिहिले की आधी आम्हाला दाखवते. आम्ही वाचतो आणि सवयीने म्हणतो, "शेवटचं वाक्य काढून टाक." गेल्या महिन्यात तिने असेच काही दाखवले. शेवटचे वाक्य झोंबणारे होते, आपल्याच लोकांना.

आम्ही दोनदा वाचले आणि मोबाईल तिच्या हातात परत दिला. म्हणालो, "राहू दे."