उमेदवारीचे पहिले वर्ष

इंग्लंडच्या उत्तरेस मँचेस्टरजवळ ओल्डहॅम नावाचे एक गाव आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल. माझ्या वडिलांना मात्र ते नाव तरुणपणापासून पाठ होते. परळच्या एका कापड गिरणीत, सूतकताई खात्यात, ते बदली कामगार म्हणून लागले तेव्हा ज्या साच्यावर त्यांना उभे करण्यात आले, त्याच्या बिडाच्या बाजूवर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' अशी इंग्रजी अक्षरे ओतलेली होती. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हते. ती अक्षरे त्यांना जॉबरने वाचून दाखवली आणि ती त्यांनी जन्मभर जपली.

मी जन्मले १९८२ साली, म्हणजे मुंबईच्या गिरणी संपाच्या वर्षी. त्या संपानंतर आबा गिरणीत परत गेले नाहीत. त्यांनी एका इमारतीवर पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि मला मराठी घेऊन बी. ए. होऊ दिले. लग्नानंतर, २०११ साली, मी पतींबरोबर मँचेस्टरला आले. पुढे आम्ही ओल्डहॅमला घर घेतले, तेव्हा आबांना दूरध्वनी करून गावाचे नाव सांगितले. क्षणभर पलीकडून आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे आमच्या साच्याच्या माहेरीच गेलीस की गं पोरी!"

ते माहेर आता ओस आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूतयंत्रे घडवणारा प्लॅटचा कारखाना जगात सर्वांत मोठा होता आणि गिरण्यांच्या भरात या एका गावात जितक्या चात्या फिरत होत्या तितक्या जगातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात फिरत नव्हत्या. आज येथे पेनाइन टेकड्यांवरून उतरणारा पाऊस आहे, लाल विटांच्या पाच-सहा मजली गिरण्या आहेत, त्यांतल्या काहींवर धुराड्यांची कांडकीही उभी आहेत. काही इमारतींत गोदामे आली, काहींचे गाळे झाले. परळला ज्यांनी हेच सारे पाहिले आहे, त्यांना या गावात परके वाटण्याचे कारण नाही.

या गावातून रोज सकाळी मी पिवळी ट्राम पकडते आणि मँचेस्टरला कामावर जाते. कोणत्या कामावर, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

इंग्लंडमध्ये २०१५ साली 'डिग्री अप्रेंटिसशिप' नावाची शिक्षणपद्धती सुरू झाली. विद्यार्थी आधी नोकरीस लागतो. आठवड्यातले चार दिवस तो प्रत्यक्ष काम करतो, एक दिवस विद्यापीठात जातो, आणि तीन-चार वर्षांनी त्याच्या हाती अनुभव आणि पदवी दोन्ही येतात. काही ठिकाणी दिवसांची वाटणी निराळी असते. माझी अशी आहे. एरवी ज्या शिक्षणास येथे वर्षाला नऊ हजार पौंडांहून अधिक शुल्क पडते, त्याचा एक पैसाही उमेदवाराला द्यावा लागत नाही. ज्या मालकांचा वार्षिक पगारखर्च तीस लक्ष पौंडांहून अधिक आहे, त्यांच्याकडून एप्रिल २०१७ पासून अर्धा टक्का कर घेतला जातो आणि अशा शिक्षणाचा खर्च त्यातून भागतो. पगार मात्र पहिल्या वर्षी बेताचाच असतो. दुकानाच्या गल्ल्यावर मी याहून अधिक मिळवीत होते, हे घरच्या हिशेबाच्या वहीत स्पष्ट दिसते.

सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सॉफ्टवेअर घडवण्याच्या अशा एका उमेदवारीस मी लागले. 'अप्रेंटिस' शब्दास आपल्या भाषेत उमेदवार हा किती सुरेख शब्द आहे! आपल्याकडील १९६१ चा कायदाही 'शिकाऊ उमेदवार' असेच म्हणतो. ज्याच्या ठायी उमेद आहे तो उमेदवार. निवडणुकीच्या धामधुमीत हा अर्थ आपण जवळजवळ विसरलो आहोत. आबांना मात्र फोड करून सांगावी लागली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "शिकवतात आणि वर पगार देतात? आणि रोज दारात उभे राहावे लागत नाही ना?" बदली कामगाराला सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून आज काम आहे की नाही हे ऐकावे लागे. आमच्या घरात त्या दाराची आठवण अजून जिवंत आहे.

बुधवार हा माझा विद्यापीठाचा दिवस. सेंट पीटर्स स्क्वेअरला ट्राममधून उतरून ऑक्सफर्ड रोडने चालत गेले की ज्ञानाची एक सबंध पेठच लागते. आपण कधी या शहरी आलात, तर त्या रस्त्यालगतच्या कूपलँड स्ट्रीटवर अवश्य डोकवा. तेथील एका जुन्या इमारतीत २१ जून १९४८ रोजी, स्वतःच्या स्मृतीत साठवलेल्या आज्ञा वाचून चालणारा जगातला पहिला संगणक कामास लागला. त्याला लाडाने 'बेबी' म्हणत. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी तो उभारला. त्याची स्मृती एका काचनळीवरील उजेडाच्या ठिपक्यांची होती: बत्तीस ओळी, प्रत्येक ओळीत बत्तीस जागा, बस्स. किलबर्नने लिहिलेल्या पहिल्या कार्यक्रमात फक्त १७ आज्ञा होत्या. २,६२,१४४ या संख्येला भाग जाणारी तिच्याखालची सर्वांत मोठी संख्या शोधायची होती. यंत्राने एकेक संख्या तपासत ५२ मिनिटांनी १,३१,०७२ हे उत्तर दिले. निम्मी संख्या, हे शाळकरी मूलही तोंडी सांगेल. पण उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्नच परीक्षेस चांगला. १९९८ साली उभारलेली या यंत्राची प्रतिकृती शहरातील विज्ञान व उद्योग संग्रहालयात आहे. हे संग्रहालय जेथे आहे त्याच आवारात १८३० सालचे, लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गाचे मूळ स्थानक आहे. अमेरिकेचा आणि आपल्या देशाचा कापूस लिव्हरपूल बंदरात उतरून याच मार्गाने गिरण्यांकडे जाई.

वर्गात माझ्या शेजारी अठरा-एकोणीस वर्षांची मुले बसत. माझी लेक त्यांच्याहून फार लहान नाही. पहिले दोन महिने मी रोज रात्री ठरवीत असे की उद्या राजीनामा द्यायचा. जे मुले सहज बोलत, ते मला वहीत उतरवून घ्यावे लागे आणि घरी भांडी घासताना मनात पुन्हा म्हणावे लागे. याच शहरातील फेरांटी कंपनीत १९५० नंतरच्या दशकात मेरी ली वूड्स नावाच्या गणिती बाई संगणकाचे कार्यक्रम लिहीत. पुरुषांइतकेच वेतन स्त्रियांनाही मिळावे म्हणून त्या तेथे भांडल्या. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली हे त्यांचे पुत्र. पुत्राचे नाव घरोघरी ठाऊक आहे. मी मातेचे नाव माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

कामाच्या ठिकाणची एक रीत मला प्रथम फार जाचली. आपण लिहिलेला कोड दुसऱ्या कोणी ओळ न् ओळ वाचून मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही. माझा कोड वाचणारा सहकारी चोवीस वर्षांचा होता. माझ्या पहिल्याच चाळीस ओळींवर त्याने एकोणीस शेरे लिहिले. सगळे शेरे सभ्य होते आणि सगळे बरोबर होते, हेच अधिक झोंबले! पुढे ध्यानात आले की तो स्वतःचा कोडही असाच इतरांपुढे ठेवतो, आणि माझ्यापुढेही ठेवू लागला आहे.

आता मार्च २०२५ ची गोष्ट सांगते. दंतवैद्याकडे येणाऱ्यांना भेटीची वेळ कळवणाऱ्या एका कार्यक्रमाचा छोटासा भाग मी नोव्हेंबरात लिहिला होता. वेळ साठवताना ती ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत साठवतात आणि दाखवताना स्थानिक घड्याळाप्रमाणे बदलून दाखवतात. हा बदल करायचे मी विसरले. हिवाळ्यात ग्रीनिचची वेळ आणि इंग्लंडचे घड्याळ एकच असल्याने सारे बिनचूक दिसत होते. पण या देशात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. मुंबईत वाढलेल्या माझ्या मनाला घड्याळाचा हा चंचलपणा चौदा वर्षांतही पटलेला नव्हता. त्या रविवारनंतर दहाची भेट असलेल्यांना नऊची वेळ कळवली गेली. सोमवारी सकाळी तक्रारी आल्या. एक वृद्ध बाई बंद दारापाशी तासभर पावसात उभ्या राहिल्या होत्या.

ती तक्रार वाचली आणि मला दवाखान्याचे दार दिसेना, गिरणीचे दार दिसू लागले.

मी उठून प्रमुखांकडे गेले आणि चूक माझी असल्याचे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "तो कोड कोणी वाचला?" तो चोवीस वर्षांचा मुलगा म्हणाला, "मी." चाचण्या कोणी पाहिल्या, कोणत्या महिन्यात पाहिल्या, ग्राहकाला कोण कळवणार, हे विचारले गेले, कोणी कोणावर आवाज चढवला नाही. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. ती मलाच करायला लावली. संध्याकाळी, काय घडले त्याचा वृत्तान्त लिहिण्याचे कामही माझ्याकडे आले. मराठीची बी. ए. एवढ्या वर्षांत प्रथमच कामास आली म्हणायची. क्रमवार, स्वच्छ, कोणावर न ढकलता लिहायचे होते.

त्या रात्री आबांना हे सारे सांगितले. ते ऐंशीच्या घरात आहेत, संगणकाचे त्यांना काही कळत नाही. मी बोलत होते आणि ते मधूनमधून हुंकार देत होते. शेवटी म्हणाले, "साच्यावर धागा तुटायचाच. शंभरदा तुटायचा. बोटांनी पीळ देऊन जोडायचा नि पुढच्या चातीकडे जायचं. पण माझा तुटलेला धागा मुकादमाला दिसू नये म्हणून मी जीव टाकायचो बघ. तू सांगून आलीस?"

"आले," मी म्हणाले.

"आणि काढलं नाही?"

"नाही आबा."

ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

वर्षाअखेरीस विद्यापीठाच्या परीक्षा झाल्या. प्रोग्रॅमिंगमध्ये बरे गुण मिळाले, गणितात जेमतेम. सप्टेंबरात नवे उमेदवार आले. त्यांतल्या एका मुलीचा कोड आता मी वाचते. माझे शेरे लांब होतात अशी तिची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

हे लिहीत आहे तो ऑक्टोबर आहे. शेवटच्या रविवारी येथील घड्याळे पुन्हा एक तास मागे येतील. त्या दिवसाची आणि मार्चमधल्या त्या रविवारची अशा दोन चाचण्या मी कार्यक्रमात घालून ठेवल्या आहेत. आबा दर रविवारी रात्री नऊला दूरध्वनी करतात. तेव्हा आमच्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. त्या रविवारपासून साडेतीन वाजलेले असतील. मी त्यांना तसे कळवले, तर म्हणाले, "मी नऊलाच करणार. घड्याळ तुमचं हलतं, माझं नाही."