कमिट मेसेज

मराठीत लिहायला बसलो की वाटतं, आपण इंजिनिअर, आपल्याला कुठलं लिहिता येतं! पण गेली सहा वर्षं मी रोज लिहितोच आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट बनवलं. त्यात कोड बदलून कमिट केला की सोबत छोटी नोंद लिहावी लागते. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. नोंदीत लिहायचं ते 'का', तेही उद्या कुणी अनोळखी वाचेल हे धरून.

बाबा गेल्यावर त्यांच्याबद्दल लिहिताना हीच सवय कामी आली. ते पहाटे पाचला उठायचे, हे सगळ्यांना माहीत. मी 'का' लिहिलं : नळाला पाणी तेव्हाच यायचं, आणि आईची झोप मोडायला नको.