वीतभर इंजिन

आमच्या शाळेत कडुलिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. दोन तारांनी आडवा, हातभर लांब. शिपाईमामा लोखंडी दांड्यानं त्यावर टोल द्यायचे आणि तो आवाज कवायतीच्या मैदानावरून, पत्र्यांवरून, बिंदुसरा नदीच्या कोरड्या वाळूपर्यंत थरथरत जायचा. बीडमध्ये तेव्हा रेल्वे नव्हती. रूळ तेवढा होता, आणि तोही झाडाला. कुणीतरी सांगितलं की त्याला कान लावला तर लांबून येणारी गाडी ऐकू येते. मधल्या सुट्टीत आम्ही रांग लावली. मे महिना जवळ आलेला, लोखंड तव्यासारखं तापलेलं.

कान भाजला.

गाडी बघायची तर आत्याकडे, परळीला. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे. एकाच जिल्ह्यातली दोन गावं, पण एकाला शिट्टी ऐकू यायची आणि दुसऱ्याला एसटीचा भोंगा. आत्याच्या गच्चीवरून औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. १९७१ साली ते सुरू झालं आणि तेव्हापासून परळीवर राख उतरते आहे, तुळशीच्या पानांवर, दांडीवर वाळणाऱ्या धोतरांवर, कुरड्यांवर. आत्या कुरड्यांवर जुनं लुगडं अंथरायची, तरी तळल्यावर दाताखाली किंचित करकरायचंच. त्या केंद्रासाठी कोळशाच्या वाघिणी यायच्या आणि रात्री, सगळं गाव निजल्यावर, कुठंतरी बाहेरच्या लाइनवर डिझेल इंजिन नुसतं उभं असायचं. धग्-धग्, मध्येच एक ठोका चुकल्यासारखा, पुन्हा धग्-धग्, जणू एखादं दमलेलं जनावर उभ्या उभ्याच झोपेत श्वास घेतंय आणि त्याच्या श्वासानं खिडकीची काच, फळीवरचं पितळेचं तांब्या-भांडं, माझ्या उशाखालची जमीन असं सगळं अगदी बारीक, अगदी आतल्या आत थरथरतंय. मी उठून बसलो की आत्या म्हणायची, “नीज बाबा. उभं हाय ते, कुठं जात नाही.”

पुढं पुष्कळ वर्षांनी आतेभावानं अमेरिकेहून एक खोकं आणलं. आत डिझेल इंजिन, सत्याऐंशी पटीनं लहान. ते तिकडच्या कुठल्याशा कंपनीच्या रंगात होतं, पण मी हातात घेतलं आणि ओळख पटली. मागचं लांब नाक, पुढचं आखूड नाक, मध्ये ड्रायव्हरची खोली. परळीतल्या त्या जनावराची माहेरची माणसंच ही! न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा अल्को कारखाना. तिथूनच १९६२ साली डब्ल्यूडीएम-टू जातीचं ते इंजिन भारतात आलं, १९६४ पासून वाराणसीला बनायला लागलं. मूळ कारखान्यानं १९६९ मध्ये इंजिनं करणं थांबवलं. इकडं मात्र सोळा सिलिंडरांचा तो वंश पुढं कित्येक वर्षं नांदत राहिला.

मग मला छंदच लागला. खेळण्यातल्या इंजिनाला परळीचं करायचं. अमेरिकी इंजिनाला बफर नसतात, आपल्याला दोन्ही अंगाला हवेत. ते मी संपलेल्या रिफिलींच्या पितळी टोकांचे केले. खरं इंजिन सतरा मीटरच्या जरा वर, म्हणजे सत्याऐंशीनं भागलं की बरोबर एक वीत. खऱ्या इंजिनाखालच्या बोगीतली तीन चाकं सारख्या अंतरावर नसतात, दोन जवळ बसलेली आणि एक जरा रुसून लांब. ते पाहायचं म्हणून मी परळीच्या फलाटावर वाकून वाकून चाकं न्याहाळली आणि एका हमालानं विचारलं, “काय पडलं का खाली?”

एक गोष्ट मात्र जुळेना. आपल्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, त्याला सत्याऐंशीनं भागलं तर एकोणीसच्या वर जातं. बाजारातला खेळण्याचा रूळ साडेसोळाचा, कारण तो परदेशी मापाचा. फरक पावणेतीन मिलिमीटरचा, खऱ्या रुळावर तो चोवीस सेंटिमीटर होतो. पुण्याला कोथरूडमधल्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात मी तासभर काचेशी उभा होतो. तिथं फिरणाऱ्या इवल्या गाड्या पाहताना हे पावणेतीन मिलिमीटर कुठल्या कुठे विरघळून जायचे. घरी आलो की पुन्हा टोचायचे.

आणि रंग. मी म्हणायचो तांबडा, आतेभाऊ फोनवर शपथेवर निळा म्हणायचा. आत्याला विचारलं. ती म्हणाली, “राखेचा.”

तिचंच खरं धरलं. परळीहून चिमूटभर राख कागदाच्या पुडीत आणली आणि कोरड्या ब्रशनं इंजिनाच्या अंगावर चढवली. छतावर जास्त, बोगीवर थोडी, जाळीच्या खाचांत बोटानं दाबून. अंगावर त्याच्या शेडचं नाव लिहायचं राहिलं. खऱ्या इंजिनावर ते असतंच: काझीपेठ, मौला अली, गुत्ती, पुणे. लग्नाच्या भांड्यावर घालतात तसं. मी ब्रशच्या एका केसानं ‘बीड’ लिहायला घेतलं आणि थांबलो. खोटं झालं असतं. तिथंही राखच फासली.

बीडला रेल्वे येणार, हे आमच्याकडं पाळण्यातच कानात सांगायचे. नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, १९९५ ची मंजुरी. आमच्या अण्णांनी त्या बातमीचं कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. ते पिवळं पडलं, मग तपकिरी, मग चहाच्या एका डागानं त्यातलं ‘लवकरच’ पुसून टाकलं. दसरा सरला की ऊसतोडीच्या बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून अर्धा जिल्हा खाली जायचा, आणि रुळाचं काम गोगलगाईच्या चालीनं वर सरकायचं. २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत आली. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला.

मी गर्दीत होतो. खिशात वीतभर इंजिन. गाडी आली आणि तिला इंजिनच नव्हतं. डेमू ती, यंत्र डब्याच्याच पोटात, तोंड सपाट, एसटीला रुळावर चढवावी तशी. ना लांब नाक, ना आखूड नाक. लोक नाचत होते, हलगी कडाडत होती, शेजारच्या म्हातारीनं डब्याला हळद-कुंकू लावलं. मीही रडलो, नाही असं नाही. पण खिशातला हात बाहेर आला नाही.

त्याच आठवड्यात काही कामानं शाळेत गेलो. विजेची घंटा बसवलेली, पण वीज गेली होती. कडुलिंब तोच, रुळाचा तुकडा तोच, माथा टोलांनी घासून चकचकीत. इकडंतिकडं पाहिलं आणि इंजिन त्याच्यावर ठेवलं. दोन्ही बाजूंची चाकं एकाच रुळाच्या माथ्यावर मावली, वर जागा उरली. पावणेतीन मिलिमीटर विचारायला कुणी आलं नाही. वाऱ्यानं तारा हलल्या, रूळ हलला, इंजिन किंचित थरथरलं. राखेचा एक कण खाली पडला.

“सर,” नवा शिपाई मागं दांडा घेऊन उभा होता, “तेवढं उचलता का? टोल द्यायचाय.”